टाका आणि विसरा

शारजात, अल मजाजच्या एका टॉवरच्या अकराव्या मजल्यावर, अंबादास मुलाकडे राहायला आले त्याला चार महिने झाले होते. त्यातले साडेतीन महिने त्यांना गॅसबंदी होती. गुन्हा तसा मोठा नव्हता. दूध तापायला ठेवून ते बाल्कनीत गेले आणि खालच्या पाण्यातल्या बोटी बघत बसले. दूध आधी उतू गेलं, मग करपलं, आणि छतावरचा अलार्म असा काही बोंबलला की तीन मजल्यांवरची माणसं जिन्याने खाली उतरली. एक बाई तर पोपटाचा पिंजरा घेऊन उतरल्या. तेव्हापासून सून सुलक्षणा रोज सकाळी दुबईच्या ऑफिसला निघताना एवढंच म्हणायची, "बाबा, गॅसला हात नाही हं."

आणि नेमका आता त्यांना स्वयंपाक करायचा होता.

कारण मोहिद्दीनभाई शुक्रवारी कायमचे रत्नागिरीला चालले होते. अंबादास पूर्वी याच शहरात बावीस वर्षं इमारतींच्या सळया बांधत होते. मोहिद्दीनभाई त्यांच्या शेजारी शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, फळ्या ठोकत होते, आणि संध्याकाळी दोघं एकाच खोलीत होते. कामगारांचा कॅम्प ज्या भागात होता त्याचं नावच सजा. ती दोघांनी मिळून भोगली. बावीस वर्षं रांधलं मोहिद्दीनभाईंनी आणि भांडी घासली अंबादासनी. चाळिशीपर्यंत अंगठा उठवणाऱ्या अंबादासना अक्षरं शिकवली तीही मोहिद्दीनभाईंनीच. सुताराच्या जाड पेन्सिलीने, प्लायवुडच्या फळीवर, आधी मराठी आणि मग ए बी सी डी. फळी काँक्रीटखाली जायच्या आत धडा पाठ व्हायला हवा, असा नियम होता.

एवढ्या वर्षांत अंबादासनी या माणसाला स्वतःच्या हातचा एक घास खाऊ घातला नव्हता. गुरुवारी रात्री तो जेवायला येणार, नऊच्या कंपनीच्या बसने परत जाणार, आणि दुसऱ्या दिवशी उडून जाणार. घालायचा तर आत्ताच.

"मोठ्याचं मटण आणि बटाटे," अंबादासनी घरात जाहीर केलं. "मोहिद्दीन दर शुक्रवारी तेच करायचा."

मोठ्याचं म्हणजे बैला-म्हशीचं. अंबादासच्या गावाकडे त्याला तेवढंच म्हणत, आणि तेही हळू आवाजात.

"पण बाबा, त्यांच्या तोंडात दात कुठे आहेत?" मुलगा रुपेश म्हणाला.

ही अडचण खरी होती. मोहिद्दीनभाईंनी नवी कवळी करून घेतली होती. ती ते रुमालात गुंडाळून खिशात ठेवत आणि फक्त फोटोपुरती लावत.

तेव्हा सुलक्षणाला कपाटावरचं खोकं आठवलं. ऑफिसच्या लकी ड्रॉमध्ये तिला एक स्लो कुकर लागला होता. दोन वर्षं तो खोक्यातच होता. "हा विजेचा आहे. मांस इतकं मऊ होतं की चमच्याने तुटतं. एकदम ईझी, बाबा. सगळं आत टाका आणि विसरा."

"विसरायचं काम बाबांना जमेल," रुपेश म्हणाला. अंबादासनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

"फक्त एक," सुलक्षणा म्हणाली. "उद्या गुरुवार आहे, माझा उपास. माझ्या ओट्यावर नको. बाल्कनीत प्लग आहे, तिथे करा."

बुधवारी संध्याकाळी अंबादास स्वतः जाऊन मांस घेऊन आले. काउंटरवरच्या माणसाने कुठल्या देशाचं हवं म्हणून विचारलं, मग कुठला भाग हवा म्हणून विचारलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अंबादासकडे नव्हतं. दुसऱ्यासाठी त्यांनी पाय वर उचलून स्वतःची पोटरी दाखवली. मागच्या रांगेतली माणसं दोन पावलं सरकली, पण तुकडा बरोबर मिळाला. भाजीच्या दुकानात मात्र काही दाखवावं लागलं नाही. अरबीतही बटाट्याला बटाटाच म्हणतात. या एका शब्दावर अंबादासनी पहिल्या वर्षी परक्या मुलखात तग धरला होता.

गुरुवारी सकाळी सव्वासहाला, बुटात पाय घालता घालता, सुलक्षणाने शेवटची सूचना दिली. "बाबा, स्लो वर ठेवा. आठ तास." आणि लिफ्ट आली.

साडेदहाला अंबादासनी कांदा, आलं-लसूण, मसाला, मांस आणि बटाटे कुकरमध्ये टाकले, झाकण ठेवलं आणि बटणाकडे बघितलं. बटणाभोवती तीन शब्द होते. ओ एफ एफ, म्हणजे ऑफ. एल ओ, म्हणजे लो. एच आय, म्हणजे हाय. स्लो कुठेच नव्हतं.

सुनेला फोन करता आला असता. पण अक्षरं वाचता येणाऱ्या माणसाने, बटणावर काय लिहिलंय म्हणून फोन करायचा? मोहिद्दीनभाई म्हणायचे, "अक्षर वाचलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं, लिहिणारा कोण आहे ते बघून लावायचं." लिहिणारा कोण? खोक्यावर कुठल्यातरी कारखान्याचं नाव होतं, पण शब्द तर ओळखीचे होते. हाय म्हणजे काय ते अंबादासना ठाऊक होतं. नात मिहिका शाळेतून आली की रोज म्हणायची, "हाय, आजोबा." आणि लो म्हणजे घ्या. कॅम्पमध्ये ताट पुढे करताना सगळा हिंदुस्थान 'लो भाई' म्हणायचा. म्हणजे सरळ होतं. सुरुवातीला यंत्राला हाय म्हणायचं, आणि जेवण तयार झालं की यंत्र आपल्याला लो म्हणणार. यंत्र बनवणारा कारखाना कुठलाही असो, माणूस रीतीभातीचा होता.

अंबादासनी बटण हाय वर फिरवलं आणि विसरायला बसले.

विसरणं हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. ठरवून विसरायला बसलेल्या माणसाला जन्माचं सगळं आठवतं. पहिल्या अर्ध्या तासात अंबादासनी दोनदा झाकण उघडून बघितलं. मांस होतं तिथेच होतं.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधल्या सुरुची वहिनी आल्या. पार्सल द्यायला आल्या होत्या, पण वास आधी आत गेला आणि त्या मागोमाग.

"काका, काय शिजतंय?"

"मोठ्याचं," अंबादास नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले.

"मोठ्यांचं? म्हणजे लहानांचं वेगळं करणार? बरोबर आहे, मुलांना तिखट चालत नाही." वहिनींनी झाकण उचललं आणि चमचा मागितला. "बघू मीठ."

अंबादासना घाम फुटला. चमचा वहिनींच्या ओठांपाशी पोचायच्या आत त्यांनी हात आडवा घातला. "वहिनी, मोठ्यांचं नाही. मोठ्याचं. म्हणजे... अंगानं मोठ्याचं. शिंगं असलेल्याचं."

सुरुची वहिनींनी चमचा सावकाश ताटलीत ठेवला, झाकण लावलं, हात धुतले आणि परत आल्या.

"मी खात नाही, काका. पण बटाटे खाली हवेत. बटाटा कडक, त्याला आच जवळ लागते." आणि दुसरा चमचा घेऊन, झाकण पुन्हा उघडून, त्यांनी स्वतःच्या हाताने सगळे बटाटे तळाशी सारले. खाण्याला पथ्य असतं, सल्ल्याला नसतं, हे अंबादासच्या तेव्हा लक्षात आलं.

दहा मिनिटांनी त्यांचे यजमान अरुणराव बायकोला शोधत आले. ते घरूनच ऑफिसचं काम करत, म्हणजे दिवसभर जिना, लिफ्ट आणि शेजारी यांवर लक्ष ठेवून असत. त्यांनी झाकण उघडलं, नाक आत घातलं, झाकण लावलं.

"बटाटे खाली कुणी घातले?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

"खाली घातले की पीठ होतं त्यांचं. वर हवेत. वाफेवर."

"तुम्ही आयुष्यात चहा केलाय का?"

"सायन्स आहे हे, सुरुची!" आणि झाकण पुन्हा उघडलं. बटाटे वर आले.

नवरा-बायकोचं सायन्स रंगात आलेलं असताना वहिनींच्या हाती खोक्यातली पुस्तिका लागली. ती चौदा भाषांत होती, आणि चौदांत मराठी नव्हती. त्यांनी इंग्रजी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, इथे लिहिलंय की झाकण उघडू नये. प्रत्येक वेळी उघडलं की आतली वाफ जाते. वीस मिनिटं जास्त धरायची."

अंबादासनी मनात हिशेब केला. सहा वेळा उघडलं होतं. दोन तास. साडेसहाचं जेवण साडेआठावर गेलं. बस नऊची.

"आता कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हाच बेल वाजली.

दारात इमारतीचा नातूर उभा होता. नातूर म्हणजे इथला रखवालदार. याचं नाव अर्श. बोलायला गोड, पण हातात कागद असला की ऐकायचा नाही. आज हातात कागद होता.

"बाबाजी, समोरच्या टॉवरवरून फोन आला. आपकी बाल्कनी से धुआँ निकल रहा है."

"धूर नाही बाबा, वाफ आहे."

"देखूं?" आणि अर्शने झाकण उचललं. सात. "वाफ ही है. पर सर्क्युलर में लिखा है, बाल्कनी में कुकिंग मना है. प्लग निकालो, ऑफिस चलो."

इमारतीचं ऑफिस तळमजल्यावर. तिथल्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ड्रॉवर उघडला. बाल्कनीत स्वयंपाकाची परवानगी मागायचा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता, कारण तशी परवानगी नव्हती. पण बाल्कनीत काम करायचा फॉर्म होता. "बाबाजी, काम में आग, गर्मी कुछ है?"

"गर्मी आहे."

"फिर ये वाला," असं म्हणत त्यांनी कागद पुढे सरकवला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं: हॉट वर्क परमिट.

अंबादासचे डोळे पाणावले. बावीस वर्षांत हा कागद त्यांनी हजारदा पाहिला होता. साइटवर वेल्डिंगची ठिणगी उडायच्या आधी हा कागद लागायचा, आणि तो भरायचा इंजिनियर. अंबादासचं नाव त्यात कधीच नसायचं. आज त्यांनी पेन घेतलं. वेल्डिंग, कटिंग, ग्राइंडिंग यांपुढे फुल्या मारल्या, आणि 'इतर' या रकान्यात मराठीत लिहिलं: मटण.

"ये क्या लिखा?"

"पोलादाचा प्रकार आहे," अंबादास म्हणाले. शिजलं नाही तर होईलही, असं त्यांच्या मनात आलं.

मॅडमनी अंबादासच्या नावापुढची जागा स्वतः भरली. अर्जदार कोण? त्यांनी लिहिलं: डिपेंडंट.

हा शब्द अंबादासना वाचता आला. अर्थही लागला. दुसऱ्याच्या जिवावर असलेला. ज्या शहराच्या निम्म्या खांबांमध्ये त्यांनी बांधलेल्या गाठी अजून घट्ट बसल्या होत्या, त्या शहरात ते डिपेंडंट. "मॅडम, आपका ये टॉवर किसपे डिपेंडंट है, मालूम?" ते विचारणार होते. पण वर मांस थंड होत होतं. त्यांनी सही केली. मराठीत, ठसठशीत, खाली रेघ ओढून.

परवानगी मिळाली, अटींसह. अर्शने आग विझवायचं सिलिंडर आणलं, वाळूची बादली आणली, आणि कुकरभोवती लाल-पांढरी पट्टी बांधली. नियमाप्रमाणे एक माणूस पहाऱ्याला हवा, तर तोही अर्शच. पहारेकऱ्याने दर तासाला पाहणी करावी, असं कागदावर होतं. त्याने पहिली पाहणी केली. झाकण आठवं. "यल्ला, चलो, सब ठीक," तो म्हणाला. त्याचं ऐकून अरुणराव आले आणि बटाटे वर आहेत ना, एवढंच बघितलं. नववं.

अंबादासनी त्याच परमिटच्या पाठीवर आकडे मांडले. साडेदहा आणि आठ तास, साडेसहा. प्लग काढलेला एक तास, साडेसात. नऊ झाकणं, तीन तास. रात्रीचे साडेदहा.

साडेदहाला मोहिद्दीनभाई कॅम्पमध्ये पोचून बॅगेला कुलूप लावत असतील.

अंबादास उठले. रुपेशने मनीप्लांटला बांधायला आणलेलं तारेचं भेंडोळं बाल्कनीतच पडलं होतं. त्यांनी कुकरच्या कानातून तार ओवली, झाकणावरून आडवी घेतली, उभी घेतली, आणि चमच्याच्या दांड्याने पिळून चार गाठी मारल्या. सळया बांधायची गाठ. ती काँक्रीट ओतल्यावरही हलत नाही. मग पट्टीच्या आत खुर्ची टाकून बसले. अर्शने पाहणी म्हणून हात पुढे केला, गाठ बघितली आणि मागे घेतला.

"चाचा, ये तो खुलेगा नहीं."

"नहीं खुलेगा. खलास."

झाकणाची काच आतून पांढरी झाली होती. दिवसभर वास येत राहिला, पण अंबादासचा वासावर विश्वास नव्हता. विश्वास आकड्यांवर होता, आणि आकडे साडेदहा सांगत होते.

संध्याकाळी सुलक्षणा आणि मिहिका आल्या. सिलिंडर, बादली, पट्टी, तार आणि मध्ये बसलेले सासरे हे बघून सुलक्षणा तिथेच खाली टेकली. मग सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. रुपेश ट्रॅफिकमध्ये अडकलाय, पण अजून दुबईतच आहे. तिथल्या करामा भागातून बिर्याणी घ्यायला सांगते."

"सांग," अंबादास म्हणाले. एवढा एकच शब्द. पण सुलक्षणाने फोन हातात घेतला आणि परत ठेवला.

सात वाजता मोहिद्दीनभाई आले. पांढरा सदरा, पायात नवे बूट, आणि कानावर जुनी जाड पेन्सिल. नोकरी संपली तरी पेन्सिल जागची हलली नव्हती. मिहिकाने "हाय" केलं, तेव्हा त्यांनी घाईने खिशातून रुमाल काढून कवळी लावली, हसले, आणि पुन्हा काढून ठेवली.

"मोहिद्दीनभाई," अंबादास उभे राहिले. "तुला जेवायला बोलावलं आणि जेवण झालेलं नाही. साडेदहाला होईल. तुझ्यासाठी बिर्याणी मागवतो."

मोहिद्दीनभाईंनी बाल्कनीत डोकावलं. पट्टी ओलांडली. तारेकडे बघितलं. "ही बांधलीस कशाला?"

"लोक उघडत होते."

"पक्कड?"

"रुपेशच्या गाडीत."

"पक्कड कशाला? तुझ्या गाठींच्या बाजूला बावीस वर्षं माझ्या फळ्या बसल्या, रे. तू कुठून पिळतोस ते मला ठाऊक नाही होय?" त्यांनी चमचा घेतला, उलटा घातला, चार पीळ दिले. चारही गाठी सुटल्या.

"नको उघडू," अंबादास कळवळून म्हणाले. "वीस मिनिटं वाढतात."

दहावं झाकण उघडलं.

वाफेचा एक ढग वर आला आणि बाल्कनीभर पसरला. मोहिद्दीनभाईंनी चमचा मांसावर नुसता टेकवला. मांस आपण होऊन बाजूला झालं. हाडापासून सुटलेलं, मऊ, काळसर तांबडं, रश्श्यात बुडालेलं.

"हे कधीचं शिजलंय," मोहिद्दीनभाई म्हणाले.

"कसं शक्य आहे?" सुलक्षणा पुढे झाली आणि बटणाकडे बघून तिने तोंडावर हात ठेवला. "बाबा, हे हाय वर आहे!"

"हो. मीच म्हटलं ना हाय. सुरुवातीला म्हणतात तसं."

"आजोबा!" मिहिका किंचाळली. "दॅट्स नॉट हॅलो! हाय मीन्स... लाइक... फुल हॉट!"

"आणि लो?"

"लो म्हणजे मंद," सुलक्षणा म्हणाली. "मी स्लो म्हटलं ते हेच. मंदवर ठेवला असता ना बाबा, तर या नऊ झाकणांनंतर आज काही खरं नव्हतं. तुमच्या हाय ने वाचवलं."

मोहिद्दीनभाई आधी गालात हसले, मग पोटात, मग बाल्कनीच्या कठड्याला धरून. दात नसलेलं तोंड उघडून माणूस इतकं हसू शकतो हे अर्शने पहिल्यांदाच बघितलं. "अक्षरं मी शिकवली होती," ते डोळे पुसत म्हणाले. "अर्थ मात्र त्याने घरचा लावला."

जेवायला सगळे बसले. सुलक्षणा आपली साबुदाण्याची खिचडी घेऊन, रुपेश ट्रॅफिकमधून सुटून थेट हात धुऊन, आणि अर्श 'पाहणी' म्हणून. अंबादासनी स्वतः वाढलं. पहिलं ताट मोहिद्दीनभाईंपुढे ठेवताना ते म्हणाले, "लो भाई."

मोहिद्दीनभाईंनी पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. चावायचं काहीच नव्हतं. मग ताटात शोधायला लागले.

"बटाटे कुठे गेले?"

सगळ्यांनी शोधलं. वर नव्हते, खाली नव्हते. नवरा-बायकोच्या सायन्समध्ये, दिवसभराच्या हाय वर, बटाटे रश्श्यात पार विरघळून गेले होते. म्हणून रस्सा असा दाट झाला होता.

"बावीस वर्षं मी हे केलं, असा रस्सा एकदा पण जमला नाही," मोहिद्दीनभाई म्हणाले. "लिहून दे. घरी बीबीला दाखवतो. मी सांगितलं तर ती ऐकायची नाही, कागद असला की ऐकेल."

"कुकरच घेऊन जा," सुलक्षणा म्हणाली.

"बॅगेचं वजन काठोकाठ आहे, बेटी. कागदाला वजन नाही."

परमिटचा अर्धा कागद अजून कोरा होता. अंबादासनी तो गुडघ्यावर धरला, मोहिद्दीनभाईंच्या कानावरची पेन्सिल घेतली, आणि जीभ दातांत धरून लिहिलं. मोठ्याचं मटण. कांदा. बटटा. आधी हाय म्हणायचं. झाकण उघडायचं नाही. विसरायचं.

मोहिद्दीनभाईंनी कागद हातभर लांब धरून वाचला. सवयीने पेन्सिल परत घेतली आणि टोक एका शब्दावर टेकवलं.

"बटाट्याचा काना खाल्लास."

"अख्खा बटाटाच विरघळला," अंबादास म्हणाले. "काना कुठून राहणार?"

खाली रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. मोहिद्दीनभाईंनी पेन्सिल उचलली, पण काना दिला नाही. कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली, कवळीच्या रुमालाशेजारी.

"राहू दे. मे महिन्यात घरी ये. आंबे असतील. तिथे बसून काना देऊ."

"येऊ?"

"यायला परमिट लागतं होय?"

लिफ्टपर्यंत सगळे गेले. दार मिटायला लागलं तसं मिहिका म्हणाली, "बाय, आजोबा." मोहिद्दीनभाईंनी हात घालून दार पुन्हा उघडलं.

"बाय नाही, बाळ. सुरुवातीला काय म्हणतात? तुझ्या आजोबांना विचार."

दार मिटलं. अंबादास थोडा वेळ तिथेच उभे राहिले, वरचे आकडे एकेक उतरताना बघत. अकरा, दहा, नऊ. सगळे वाचता येत होते. मग घरात आले, बाल्कनीतली पट्टी सोडून नीट गुंडाळली, आणि कुकर पुसत सुलक्षणाला म्हणाले, "सूनबाई, मे महिन्याची तिकिटं आत्तापासून मिळतात का गं? म्हणजे विसरायच्या आत काढून टाकावीत."